मोशीहून आलेला निरोप

साहेब,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी खेडच्या कोर्टात एका साक्षीदाराचा उलटतपास घेत होतो. शेजारच्या बाकावरचे वकील वाकून कानात म्हणाले, "धारपसाहेब गेले. पहाटे." मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर आणखी अकरा प्रश्न विचारले. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असेल तर घराला आग लागली तरी मागे वळून बघायचं नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. काम उरकून चिंचवडला पोचलो तोवर नदीवर सगळं आटोपलं होतं. काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठी थांबायचं म्हणत होती मंडळी. मीच म्हटलं, तो कामात असेल, नका थांबू."

काकूंना आपल्या दोघांतलं काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते मला त्या दिवशीही कळलं नाही.

वकील संघाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिहा, असं मला सांगितलं आहे. तुमचा जन्म, शिक्षण, गाजलेले दावे हे दुसरं कोणी लिहील. मला एकाच दाव्याविषयी लिहायचं आहे, आणि तो तुम्ही हरला होतात.

पण आधी आपलं नातं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला पुढचं कळणार नाही.

चीनची लढाई झाली त्या वर्षी मी खेडच्या शाळेतून मॅट्रिक झालो. आमच्या घराण्यात बीए आणि मग एलएलबी होणारा मी पहिला. सनद हातात आली, पण कोर्टाची पायरी कशी चढायची हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. कोणाच्या तरी ओळखीनं तुमच्या चिंचवडच्या कचेरीत येऊन उभा राहिलो. भोसरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांच्या शेड एकामागून एक उभ्या राहत होत्या, आणि जमिनीचे, जागांचे, कामगारांचे सगळे तंटे तुमच्या जिन्यावर येऊन बसत होते.

"नाव?"

"बबन."

"या गल्लीत चार बबन आहेत. शिकलास कुठे?"

"खेडला."

"मग तू खेड."

पुढे चौदा वर्षं तुमच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नाही. त्या गावाचं नाव सरकारनं बदलून राजगुरुनगर केलं, तरी मी खेडच राहिलो.

पहिल्याच आठवड्यात न्यायाधीशांनी मला काही विचारलं आणि माझ्या तोंडून घरच्यासारखं "व्हय साहेब" निघून गेलं. तुम्ही उठलात, कोट नीट केलात आणि म्हणालात, "कोर्टाच्या सोयीसाठी भाषांतर करतो. माझ्या ज्युनिअरचं उत्तर 'होय' असं आहे." सगळं कोर्ट हसलं. शिरस्तेदार तर पुसट पडलेलं हसू दिवसभर चेहऱ्यावर घेऊन हिंडत होता. मी त्या दिवशी डबा उघडला नाही. आणि महिन्याभरानं तुम्हीच मला समोर बसवून विचारायला लागलात, "तुझा बाप चिडला की काय म्हणतो रे? भावानं बांध रेटला तर आमच्यासारखं 'अतिक्रमण' म्हणणार नाही तो. काय म्हणतो?" मी सांगितलं. मग एक दिवस पिंजऱ्यातल्या एका हट्टी म्हाताऱ्याला तुम्ही अगदी माझ्या वडिलांच्या सुरात विचारलंत, "बांध कुणी रेटला वो, बाबा? तुमी का त्यांनी?" आणि तो म्हातारा विरघळला, खरं बोलून गेला. माझी भाषा कचेरीत चेष्टेला होती आणि कोर्टात कामाला. मला तेव्हा राग आला होता. आज तो म्हातारा आठवला की हसू येतं.

माझे मसुदे तुम्ही वरच्या खिडकीतून गल्लीत फेकायचात. "वेचून आण. जाताजाता लोकांना वाचायला दे. त्यांना कळलं तर न्यायाधीशालाही कळेल." मी शेणातून कागद वेचले आहेत, साहेब. वेचता वेचता वाचले आहेत, आणि कुठे चुकलो ते तिथेच वाकल्या वाकल्या कळलं आहे.

एकदा वडील भेटायला आले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. तुमच्यासमोर ते खुर्चीवर बसायला तयार होईनात. "साहेब, पोरगं कसं काय हाय आमचं?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "अक्कल बेताची आहे. पण चिकाटी आहे. बैल चांगला आहे तुमचा."

मला वाटलं, जमीन फाटावी. वडिलांचा चेहरा मात्र उजळला. "बैल चांगला असला म्हंजी निम्मी शेती झाली की, साहेब!"

तुम्ही इतके मोकळे हसलात की तसं हसताना मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही. त्या दिवशी वडिलांना तुम्ही पानात वाढून जेवू घातलंत आणि स्वतः एस.टी.पर्यंत पोचवायला गेलात. परत आल्यावर मला म्हणालात, "तुझ्यापेक्षा तुझा बाप चांगला वकील झाला असता."

आता ती रीत सांगतो. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

खेडचं कोर्ट लहान. बाहेरगावचे वकील एस.टी.नं यायचे आणि पुणे-नाशिक रस्त्यावरची एस.टी. कधी पोचेल हे कोणाच्या हातात नसे. पुकारा झाला आणि समोरचा वकील आलेला नसेल, तर हजर असलेल्या वकिलानं उठून म्हणायचं, "साहेब, ते वाटेत असतील. थोडं थांबू." मग न्यायाधीश दुसरं काम घेत. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. पण थांबायचं. समोरचा तुमचा वैरी असला तरी थांबायचं. न थांबता साक्ष पुढे रेटली, तर न्यायाधीश साक्षीच्या खाली 'नो क्रॉस' एवढे दोन शब्द लिहितात. म्हणजे उलटतपास नाही. साक्षीदार जे बोलला ते कोणी तपासलंच नाही, म्हणून ते तसंच उभं राहतं.

तुमच्याकडे दुसऱ्या वर्षी मी असा एक 'नो क्रॉस' मिळवला. समोरचे वकील अर्धा तास उशिरा होते आणि मी गप्प बसून राहिलो. धावत कचेरीत येऊन तुम्हाला सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही लिहीत होतात, मान वर केली नाहीत. "उद्या सकाळी तू अर्ज लिहायचास, की हा हुकूम रद्द व्हावा. आपल्याच पक्षकाराच्या विरुद्ध. आणि तो देण्याआधी बाररूममध्ये सगळ्यांसमोर त्यांची माफी मागायचीस."

"पण साहेब, आपल्या पक्षकाराचं नुकसान..."

"पक्षकारासाठी भांड. जीव जाईपर्यंत भांड. पण समोरचा उभा असताना भांड."

मी माफी मागितली. ते वकील मला म्हणाले, "जाऊ दे रे पोरा." तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या कशाला? नीट मागू द्या. आवाज येत नाहीये मागच्यांना." मी दुसऱ्यांदा मागितली.

असे होतात तुम्ही. मी तुमचा द्वेष करत तुमच्या पायाशी शिकत होतो. आणि माझे वडील पुण्याला दवाखान्यात पडले तेव्हा सहा आठवडे माझी सगळी कामं तुम्ही अंगावर घेतलीत. वडगाव, खेड, पुणे, जिथे माझी तारीख तिथे तुम्ही. वडील गेल्यावर तेराव्यानंतर मी कचेरीत आलो तर माझ्या टेबलावर सगळ्या फायली लावून ठेवलेल्या, प्रत्येकीत तुमच्या बारीक अक्षरात काय झालं, पुढे काय करायचं. आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणालात, "तुझं वडगावचं काम भिकार होतं. कोणी मसुदा केला होता? तूच ना?"

मी वेगळी वकिली सुरू केली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्यासमोर उभा राहशील तेव्हा दया करणार नाही." मीही मनात म्हटलं, मीही नाही करणार.

आता तो दावा.

चाकणला रस्त्याच्या कडेला युसुफभाईचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, दोन खड्डे, ट्रकची कामं. जागा तात्यांची. तात्या जुने तिथले शेतकरी. कारखाने आल्यावर त्यांना कळलं की रस्त्याकडेच्या त्या तुकड्याला आता सोन्याचा भाव आहे. त्यांनी दावा लावला की युसुफनं आपल्याला न विचारता पोटभाडेकरू ठेवला आहे, म्हणून जागा खाली करून मिळावी. तात्यांचे वकील तुम्ही. युसुफभाईचा मी.

आणि पोटभाडेकरू होता. शेडची मागची बाजू युसुफभाईनं एका बॅटरीवाल्याला दिली होती. मला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "वकीलसाहेब, दिली ना. माझा हात मशिनमध्ये गेला तेव्हा आठ महिने काम नव्हतं. घरात सात माणसं. काय करू? पण एक सांगतो, कुराणावर हात ठेवून मी खोटं बोलणार नाय. विचारलं तर सांगून टाकीन."

"कोण विचारणार?"

"तुमचे गुरुजी. सगळा चाकण म्हणतो, धारप वकील विचारतो तवा पोटातलं भाईर येतं."

मला ते माहीतच होतं. तात्यांचा स्वतःचा पुरावा कच्चा होता, सगळा ऐकीव. तुमचा सारा भर युसुफभाईच्या उलटतपासावर होता, हे मला आरशासारखं दिसत होतं. मी तुमच्याकडेच शिकलो होतो. तुम्ही तीन प्रश्न विचारले असते. पहिला गॅरेजचा, दुसरा त्याच्या हाताचा, तिसरा बॅटरीचा. आणि सात माणसं रस्त्यावर आली असती.

साक्षीच्या दिवशी अकराला पुकारा झाला. तुम्ही नव्हतात. मी उठून म्हणालो, "वाटेत असतील साहेब." तोवर मी तुमचा शिष्य होतो.

बाराला कोर्टाच्या ओट्यावर एक कंडक्टर आला. तुम्ही कधी फोनच्या भानगडीत पडला नाहीत. त्या रस्त्यावरचे निम्मे कंडक्टर तुमचे निरोप पोचवायचे, कारण त्यांच्यातल्या एकाची नोकरी तुम्ही वाचवली होती. त्यानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. "धारपसाहेबांनी दिलीय. गाडी मोशीला बंद पडली. माझ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्याच हातात द्या म्हणले." चिठ्ठीत तुमचं बारीक अक्षर होतं. 'गाडी बंद. दुसरी मिळेल तशी येतो. थांब.'

मी चिठ्ठी कोटाच्या खिशात ठेवली. मला खरंच वाटत होतं की मी थांबणार आहे.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. न्यायाधीश नवे होते, तरुण होते, त्यांना बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या कामांची यादी, संपवायची घाई होती. "वादीचे वकील?"

तात्या मागून उठले. "येत्यात साहेब. गाडीत असत्याल."

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. "काही निरोप?"

मी पिंजऱ्याजवळ उभ्या युसुफभाईकडे बघितलं. तो आपल्या अर्धवट बोटांच्या हाताकडे बघत होता.

"मला नाही, साहेब."

"तुम्ही तर त्यांचेच ज्युनिअर होतात. थांबायचं म्हणता?"

ही रीतच होती. हजर वकिलाला विचारायचं आणि त्यानं 'थांबू' म्हणायचं. एक शब्द. मी म्हणालो, "कोर्टाच्या सोयीनं."

वाचणाऱ्यांपैकी जे वकील आहेत त्यांना कळेल मी काय केलं. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की मी 'थांबू' म्हणालो नाही. इतका सभ्य शब्द आणि इतका नीच मी कधी बोललो नाही.

वीस मिनिटांत साक्ष झाली. गॅरेज कोण चालवतं, असं मी विचारलं. युसुफभाई म्हणाला, मी. ते खरंच होतं. त्याच्या पुढचं मी विचारलं नाही, आणि ते विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. न्यायाधीशांनी खाली दोन शब्द लिहिले.

तुम्ही सव्वातीनला आलात. काळ्या कोटावर धूळ होती, घामानं शर्टाची कॉलर मऊ पडली होती. तुम्ही कोणाशी बोलला नाहीत. शिरस्तेदाराकडून त्या दिवसाचा रोजनामा मागून घेतलात, वाचलात, परत दिलात. मग ओट्यावर मी उभा होतो तिथे आलात.

"साक्ष कशी झाली युसुफची?"

"चांगली झाली, साहेब."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"बरं."

एवढंच. पुढच्या तासाभरात तुम्ही अर्ज देऊ शकला असतात. निरोप पाठवला होता, तो दडवला गेला, साक्षीदाराला पुन्हा बोलवावं. कंडक्टरची साक्ष होती. कोर्टानं दहापैकी नऊ वेळा परवानगी दिली असती. मी ओट्यावर उभा राहून तुमच्या अर्जाची वाट बघत होतो. तुम्ही तात्यांकडे गेलात. मला तिथून ऐकू येत होतं.

"चूक माझी झाली, तात्या. उशीर झाला."

"आवो साहेब, तुमच्या उशिरापायी माझी जागा गेली की!"

"हो. गेली."

दावा फेटाळला गेला. तात्यांनी दुसरा वकील करून पुण्याला अपील केलं. आणि चाकण, भोसरी, मोशी, जिथे जातील तिथे सांगत सुटले, धारप वकिलाचं आता वय झालं, त्याला तारखेला पोचता येत नाही. बाररूममध्ये विनोद सुरू झाला. "धारपांची तारीख आज आहे का? मग तुम्ही उद्या या, राव." मी त्या विनोदांना हसलो आहे, साहेब. हसलो नसतो तर कोणी विचारलं असतं, का हसत नाही. तुमच्या जिन्यावरची गर्दी ओसरली. माझ्या दारात ती वाढली. तुमच्याकडून निघालेले काही पक्षकार माझ्याकडे आले, धारपांचाच माणूस आहे म्हणून.

आणि तुम्ही भेटाल तिथे, चार लोकांत, हसून मला विचारायचात, "काय रे खेड, आज गाडी वेळेवर होती का?" लोकांना ती तुमची तुमच्याच चुकीवरची थट्टा वाटायची. म्हणायचे, काय मोठं मन. मी म्हणायचो, "होती, साहेब." सुरा कुठे लागतो आहे हे आपल्या दोघांनाच माहीत होतं.

अर्धांगाच्या झटक्यात तुमचा डावा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं, तेव्हा मी भेटायला आलो. ठरवून आलो होतो. काकू आत गेल्यावर म्हणालो, "साहेब, त्या दिवशी कंडक्टरनं..."

"अपील कुठवर आलंय?" तुम्ही मध्येच विचारलंत. शब्द जड येत होते, पण डोळे तेच.

"बोर्डावर यायचंय अजून."

"मग तोंड बंद ठेव. तू आज कबूल झालास तर अपिलातून दावा परत खालच्या कोर्टात येईल. युसुफला पुन्हा पिंजऱ्यात उभं करतील आणि तो सगळं सांगून टाकेल. तुझं मन हलकं करायला सात माणसांना रस्त्यावर आणणार?"

"मग तुम्ही तेव्हा अर्ज का नाही दिलात?"

तुम्ही वाकड्या तोंडानं हसलात. "अर्ज दिला असता तर तुझी सनद गेली असती. गावी जाऊन नांगर धरला असतास आणि चार पावसाळ्यांत विसरला असतास. एवढ्यात सोडणार होतो तुला? आता रोज सकाळी कोट चढवशील तेव्हा आठवेल."

मी उठलो. तुम्ही म्हणालात, "एक ट्रक थांबला होता मोशीला. खेडपर्यंत नेतो म्हणत होता. चढलो नाही. चढणारच होतो, तेवढ्यात तो कंडक्टर परत आला, म्हणाला, दिली साहेब, हातातच दिली. म्हटलं, मग कशाला धावपळ? खेड आहे तिथे." आणि भिंतीकडे तोंड केलंत.

दारात चपला घालत होतो तर काकू आल्या. हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी कोर्टातून आले ते जेवलेच नाहीत. मी विचारलं काय झालं. म्हणाले, मुलगा तयार झाला. शिकवलेलं सगळं कामाला आलं त्याच्या, एक सोडून."

तुम्ही मला वाचवलंत की शिक्षा केलीत? यावर माझं आणि तुमचं भांडण अजून मिटलेलं नाही. मी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडतो आणि दोन्हीकडून हरतो. कधी वाटतं, हा माणूस दुष्ट होता, मला जन्मभर खुंटीला टांगून गेला. कधी वाटतं, माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरासाठी स्वतःचं नाव एवढ्या सहज कोणी मातीत टाकलं असतं?

पुढे जे झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं की नाही, माहीत नाही. या दिवाळीत युसुफभाईनं ती जागा आपण होऊन सोडली. भोसरीला मोठं गॅरेज मिळालं, ट्रक आता तिकडेच थांबतात म्हणाला. तात्यांना किल्ली दिली, वर पेढे दिले. तात्यांनी अपील काढून घेतलं. ज्या पत्र्याच्या शेडसाठी मी तुमचं नाव पुसलं, ती त्यानं हसत हसत सोडली. आणि मी त्याला दोष तरी काय देऊ? त्याला चांगली जागा मिळाली.

त्या दिवसापासून मला कसली आडकाठी नव्हती. माझ्या बोलण्यानं कोणी रस्त्यावर येणार नव्हतं. तुम्ही त्यानंतर तीन महिने जगलात. खेडहून चिंचवडला रोज किती गाड्या जातात. मी आलो नाही. काम होतं, हे खरं आहे. भीती होती, हे जास्त खरं आहे. तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड कराल याची नव्हती. तुम्ही सगळ्यांना बोलावून सांगाल, याची होती.

काल खेडच्या कोर्टात तुमच्यासाठी शोकसभा झाली. न्यायाधीश, वकील, कारकून, सगळे उभे. वकील संघाचे अध्यक्ष चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "अखेरच्या काळात साहेबांना वेळेचं भान राहिलं नव्हतं. ते आपण सगळे प्रेमानं विसरून जाऊ." माना हलल्या. तुम्हाला ज्यांनी कधी पाहिलंही नाही, त्या तरुण वकिलांच्याही हलल्या.

मग माझं नाव घेतलं. मी उठलो आणि सांगितलं. त्या दिवशी गाडी मोशीला बंद पडली होती. निरोप आला होता. माझ्या हातात आला होता. मी कोर्टाला खोटं सांगितलं. साहेब चुकले नव्हते.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. आणि मग, साहेब, काय झालं सांगू? सगळ्यांचे डोळे भरून आले. बाहेर आल्यावर अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावनेच्या भरात होतास. पण शोभलं तुला." एक नवा मुलगा, गेल्याच वर्षी सनद घेतलेला, माझ्या पाया पडला. "सर, गुरूची चूक अशी स्वतःवर कोण घेतं आजकाल?" मी त्याला ओरडून सांगितलं की चूक माझी आहे. तो आणखीच गहिवरला.

तात्या दुसऱ्या कुठल्या तारखेला आले होते. ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ज्याचं नुकसान केलं, त्यानं तरी शिवी द्यावी. "तात्या, तुमचे वकील चुकले नव्हते. मी निरोप दडवला."

तात्यांनी चुना लावत वर बघितलं. "जाऊ द्या वो, वकीलसाहेब. मेल्या माणसाची चूक किती झाकताल? म्हाताऱ्याचं वय झालं हुतं. जगाला ठावं हाय."

ती चिठ्ठी मी साक्षीच्या दिवशी संध्याकाळीच फाडून टाकली होती. तो कंडक्टर बदली होऊन कुठे गेला, कोणाला सांगता येत नाही. काकूंना विचारा म्हटलं तर अध्यक्ष म्हणाले, या वयात त्यांना कशाला त्रास. तुमच्या नावाला काळं मी एका वाक्यात फासलं, आणि ते धुवायला उभा राहिलो तर माझंच तोंड उजळलं.

अध्यक्षांनी मला बजावलं आहे की स्मरणिकेत कालचं जरूर लिहा, पण जरा संयमानं, गुरुभक्ती दिसेल असं लिहा. मी तसं लिहिणार नाही. तुम्ही मला शिकवलेल्या पद्धतीनं लिहितो, जिथे विशेषण घातलं की तुम्ही कागद खिडकीबाहेर फेकायचात.

मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की युसुफ यांच्या साक्षीच्या दिवशी वादीचे वकील धारप यांचा निरोप मला दुपारी बाराच्या सुमारास खेड कोर्टाच्या ओट्यावर मिळाला. त्यात त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं. दुपारनंतर कोर्टानं मला विचारलं, काही निरोप आहे का. मी नाही म्हणालो. यात भावनेचा भाग नाही. माझी सनद काढून घ्यायची असेल तर हा कागद पुरेसा आहे.